कौल लावणारा आणि कौल वाचणारा

चीन, कोरिया, जपान इथल्या धर्म आणि सत्तेच्या जुन्या नात्याविषयी लिहिताना बहुतेक जण कन्फ्यूशियस किंवा बौद्ध धर्मापासून सुरुवात करतात. तिथे हाड भाजून त्यावर पडलेल्या भेगांवरून देवाचा कौल घेत; त्या भाजलेल्या हाडापासून सुरुवात केली तर ते नातं जास्त नीट कळतं. कौल चुकला तर तो कोणाच्या माथी मारायचा, हा सगळ्याच राजांपुढचा पेच होता आणि त्यावर प्रत्येक ठिकाणी निराळा तोडगा निघाला.

चीनमधल्या प्राचीन शांग घराण्याच्या राजांची शेवटची राजधानी आजच्या आन्यांगजवळ होती. वू डिंग राजाच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. १२५०च्या आसपासपासून, तिथे कोरीव मजकुराची हाडं सापडतात. आजवर दीड लाखाहून जास्त तुकडे निघाले आहेत. १९३६ साली एकाच खड्ड्यातून १७ हजारांवर मिळाले. साहित्य दोन प्रकारचं: बैलाच्या खांद्याचं चपटं हाड आणि कासवाच्या पोटाकडचं कवच. कासवं नजराणा म्हणून यायची आणि कोणी किती पाठवली, याची नोंद कवचाच्या कडेला व्हायची. एका नोंदीत २५० चा आकडा आहे. म्हणजे हे देवघरातलं किरकोळ काम नव्हतं. त्याला कोठार लागे, कारागीर लागत आणि हिशेबनीसही.

हाड आधी कापून, खरवडून, घासून गुळगुळीत करत. मग मागच्या बाजूने खाचा पाडत: एक लांबट, बदामाच्या आकाराची आणि तिला खेटून एक गोल. खाच आरपार जाऊ द्यायची नाही, तळाशी पातळ थर ठेवायचा. थर जाड राहिला तर तडा जातच नाही. गोल खाचेला कडक धग दिली की पुढच्या बाजूला तडा उमटतो. लांबट खाचेच्या रेषेत एक उभी भेग पडते आणि तिच्यातून गोल खाचेच्या दिशेला एक फाटा फुटतो. कौल लावणे या अर्थाचं चिनी अक्षर नेमकं असंच आहे, उभी रेघ आणि तिला एक फाटा.

आता यातली गोम बघा. भेग कुठे पडणार आणि फाटा कोणत्या बाजूला फुटणार, हे खाच पाडतानाच ठरून गेलेलं असतं. देवाच्या हाती उरतो तो जेमतेम फाट्याचा कोन. आणि कोणत्या कोनाचा अर्थ काय, हे एकाही हाडावर लिहून ठेवलेलं नाही.

प्रश्न बहुधा जोडीने विचारत. कवचाच्या उजव्या बाजूला ‘पीक येईल’, डाव्या बाजूला ‘पीक येणार नाही’. एकाच प्रश्नासाठी पाच-पाच, कधी दहा वेळा धग देत आणि प्रत्येक भेगेशेजारी क्रमांक घालत. प्रश्न घालणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं हाडांवर आहेत, पण निकालाच्या ओळीची सुरुवात ठरलेली: ‘राजा कौल वाचून म्हणाला’. विचारायला चाकर चालत, वाचायला राजाच लागे.

वू डिंगची राणी फू हाओ हिच्या बाळंतपणाचा कौल प्रसिद्ध आहे. शांगांचा आठवडा दहा दिवसांचा, आणि डिंग, गंग, जिया ही त्यातल्या वारांची नावं. राजाने वाचलं, ‘डिंग वारी प्रसूती झाली तर शुभ, गंग वारी झाली तर फारच शुभ’. पुढे नोंद आहे की एकतिसाव्या दिवशी, जिया वारी प्रसूती झाली. शुभ नाही, मुलगी झाली. नोंद प्रामाणिक दिसते खरी, पण राजा चुकला कुठे? जिया वाराबद्दल तो अवाक्षरही बोलला नव्हता. शेवटच्या शांग राजांच्या काळात तर प्रश्नही बोथट झाले. येत्या दहा दिवसांत काही विघ्न नाही ना, एवढंच पुन्हा पुन्हा. ज्या प्रश्नाला चुकायला जागाच नाही, तो विचारणं सोयीचं.

इ.स.पू. १०४६ च्या सुमारास झोउ या दुसऱ्या घराण्याने शांगांना हरवलं, तेव्हा त्यांची अडचण वेगळीच होती. शांग राजा आपल्या पूर्वजांमार्फत सर्वोच्च देवापर्यंत पोचत असे, आणि ते पूर्वज झोउंचे नव्हते. म्हणून कोणा एका कुळाला बांधलेलं नाही असं ‘आकाश’ पुढे आलं. लायक असेल त्याला ते राज्याचा आदेश देतं, नालायकाकडून काढून घेतं. ‘दा यू डिंग’ या काशाच्या भांड्यावरच्या २९१ अक्षरी लेखात शांगांनी आदेश का गमावला, ते सांगितलंय: त्यांचे अधिकारी दारूत बुडाले. युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त दुधारी. पुढच्या प्रत्येक बंडखोराला तो आयता मिळाला.

पूर्वेकडच्या लोकांबद्दल तिसऱ्या शतकातला चिनी इतिहासग्रंथ ‘सानगुओ झी’ जे सांगतो, ते यापेक्षा रोखठोक आहे. मांचुरियातलं बुयो राज्य कोरियाच्या इतिहासाचा भाग मानलं जातं. तिथे युद्धाआधी बैल बळी देऊन त्याचे खूर तपासत. फाकलेले असले तर अशुभ, जुळलेले असले तर शुभ. आणि अवेळी पाऊस किंवा दुष्काळ पडून पीक बुडालं, तर जुन्या रिवाजाप्रमाणे दोष राजाचा. काही म्हणत त्याला बदला, काही म्हणत मारून टाका.

त्याच ग्रंथात वा देशातली, म्हणजे जपानमधली माणसं हाड भाजून भेगा बघतात असंही नोंदलंय. त्यांची राणी हिमिको हिने २३९ साली चीनच्या वेई दरबारी दूत पाठवले आणि बदल्यात सोन्याची मुद्रा व १०० काशाचे आरसे मिळवले. तिने व्यवस्था चोख लावली होती. ती स्वतः क्वचितच कोणाला दिसे आणि कारभार धाकटा भाऊ बघे. समुद्रप्रवासाची जोखीम तर चक्क एका माणसाच्या अंगावर टाकली जाई. तो केस विंचरत नसे, उवा काढत नसे, मांस खात नसे, स्त्रीजवळ जात नसे. प्रवास नीट झाला तर त्याला गुलाम आणि संपत्ती, आजार किंवा वादळ आलं तर त्याचा जीव. कारण त्याने व्रत नीट पाळलं नाही!

कोरियातल्या सिल्ला राज्यात राजाच्या आड उमराव कुळं येत होती. ५२७ साली बोपहुंग राजाच्या काळात इछादोन या बौद्ध दरबाऱ्याचं शिर उडवलं गेलं आणि त्यानंतर बौद्ध धर्माला राजमान्यता मिळाली. पांढरं रक्त उडाल्याची कथा बाजूला ठेवा. राजाला कुळाकुळांच्या देवस्थानांच्या वर बसणारा धर्म हवा होता, तो त्याला मिळाला.

तोवर चीनमध्ये भाकीत हा फौजदारी मामला होऊ लागला होता. खगोलाची उपकरणं किंवा भाकितांचे ग्रंथ खासगीत बाळगले तर तांग घराण्याच्या कायद्यात दोन वर्षांची सक्तमजुरी होती. जपानने आठव्या शतकाच्या सुरुवातीला ही कायदेपद्धत आपलीशी करताना देवकार्याचं स्वतंत्र खातंच उघडलं, ‘जिंगिकान’. त्यात कासवाचं कवच भाजणारे २० जण असत, आणि दहाव्या शतकातल्या नियमावलीत त्यांचा कोटाही आहे: इझूचे ५, इकीचे ५, त्सुशिमाचे १०. इकी आणि त्सुशिमा ही कोरियाच्या वाटेवरची बेटं, तेव्हा ही विद्या कुठून आली असावी याचा अंदाज येतो.

नवा सम्राट गादीवर आला की दाइजोसाई विधीसाठी तांदूळ कोणत्या दोन प्रांतांतून आणायचा, हे अजूनही असंच ठरतं. मे २०१९ मध्ये ओगासावारा बेटांवरच्या हिरव्या कासवांची कवचं भाजली गेली, आणि तोचिगी व क्योतो ही नावं जाहीर झाली. भेगा मात्र कोणाला दाखवल्या नाहीत.