ग्रुपचं रेटकार्ड

रविवार, रात्र

आज आमच्या बेळगावच्या फेसबुक ग्रुपवर ॲडमिननं रेटकार्ड टाकलं. दुकानाच्या पोस्टला एवढे, रीलला एवढे, आठवडाभर पिन करायचं तर वेगळे. खाली सगळ्यांच्या टाळ्या. राग आला असं नाही, तो बिचारा इतकी वर्षं फुकट लोकांची भांडणं सोडवतोय, घेतले चार पैसे तर बिघडलं कुठं, पण खटकलं खरं.

फेसबुकच्या आधी सगळे ज्यावर असायचे ते ऑर्कुट आठवलं. 2004 ला आलं ते, त्याच साली महाराष्ट्र सरकार सीमाप्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेलं, ऑर्कुट 2014 च्या सप्टेंबरात बंद पण पडलं, केस चालूच आहे. असो. तेव्हा टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत बसून लोक नुसतं विचारायचे, पुण्यात खोली कुठं मिळेल, राजहंसगडावर गाडी कुठवर जाते, मिठाईत कुंदा कुणाचा घ्यायचा, आणि त्या कुंद्यावरून जी जुंपायची ती काय विचारू नका. पण त्यातनं कुणालाच काही मिळणार नव्हतं, म्हणून शिव्यांवर पण विश्वास बसायचा.

मग फेसबुक, आणि 2016 ला जिओ आलं तसं अख्खं गाव आत. लोक म्हणतात गर्दीनं वाट लागली, मला नाही पटत. त्या गर्दीत खानापूरकडचे शेतकरी आले, बायका आल्या, त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा बरे होते. वाट लागली ती वर काय दिसणार ह्यावरनं. 2018 च्या जानेवारीत झुकरबर्गनं जाहीर केलं, ज्यावर माणसं एकमेकांशी बोलतात ते जास्त दाखवणार. आता बेळगावात माणसं कशावर सगळ्यात जास्त बोलतात हे काय सांगायला पाहिजे? दुकानाच्या पाटीवरच्या भाषेचा एक फोटो टाका, रात्रभर कमेंटी. विहिरीचं पाणी आटलं म्हणून कुणी विचारलं तर ते खाली गडप. भांडण लावणाऱ्याचे फॉलोअर वाढतात, वाढले की हॉटेलवाले बोलावतात, मग तोच गडी सगळीकडं "एक नंबर चव" म्हणत फिरतो. एकाही रीलमध्ये आजवर मीठ जास्त झालेलं नाही!

चुलतबहिणीच्या लग्नाला मांडे पाहिजेत म्हणून संध्याकाळी मी पण विचारलं. उत्तरं भरपूर, सगळी "डीएम करा", एक तर प्लॉटवाल्याचं. शेवटी शहापूरच्या आत्याला फोन लावला. तिनं मांडे करणाऱ्या मावशींचा नंबर दिला, भाव सांगितला, आणि वर म्हणते, "एवढ्यासाठी फोन कशाला रे, तुमच्या त्या ग्रुपवर विचारायचं की."