दाराशी मोरपंखी नको

घर नुकतंच बांधून झालेलं. राखाडी भिंती, सरळ रेषा, पोर्चवर जाडजूड स्लॅब. घरच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, फोटोत छान दिसतं, पण समोर उभं राहिलं की बँकेत आल्यासारखं वाटतं. दाराच्या दोन्ही बाजूंना मोरपंखीचं एकेक झाड लावा, म्हणजे झालं." नव्या घरांच्या बागा आखायच्या माझ्या कामात ही जोडी हमखास मागितली जाते.

मी आधी माळीकाकांना खणायला सांगितलं. वर चार बोटं लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटच्या खपल्या, रंगाच्या डब्याचं झाकणसुद्धा! मूठभर मातीवर व्हिनेगर ओतलं तर ती फसफसली. चुना भरपूर होता. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत आणि एक्झोराला हा त्रास लवकर होतो, आणि ताईंच्या यादीत अनंत होताच. त्याला तिथेच काट मारली.

मोरपंखीचं कारण वेगळं. तिला भरपूर ऊन लागतं. दारापाशी पोर्चची सावली, शिवाय पागोळ्यांच्या आतली जागा पावसातही कोरडी राहते. तिथे ती विरळ होत जाणार. कापून आटोक्यात ठेवू म्हणावं, तर आतल्या जुन्या लाकडावर तिला पुन्हा फुटवा येत नाही. हे सगळं मी समजावलं, ताई मान हलवत होत्या, पण पटलेलं दिसत नव्हतं.

शेवटी बांबू आणि जुन्या चादरी मागवल्या. रोपवाटिकेतलं हातभर रोप पुढे केवढं होईल, त्या घेराचे दोन बुजगावणे दाराच्या दोन्ही बाजूंना उभे केले. बेल दिसेनाशी झाली. तेवढ्यात आजोबा वॉकर घेऊन बाहेर आले आणि चादरीत अडकले. "हे झाड आहे की पहारेकरी?" त्यांनी विचारलं. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे झालं नव्हतं, ते या प्रश्नाने झालं.

मग एक चादर काढून टाकली आणि दुसरी सरकवत पोर्चच्या कोपऱ्याबाहेर नेली. भिंतीची उभी धार तिच्याआड गेली आणि ताई एकदम म्हणाल्या, "हां, असं!" घर कठोर दिसतं ते मुख्यतः कोपऱ्यांमुळे आणि भिंत जमिनीला टेकते त्या रेषेमुळे. दार मोकळंच बरं.

कोपऱ्यावर कामिनी ठरली. अर्धं ऊन चालतं, छाटणी सोसते, आणि येता-जाता वास. चिरंजीवांनी कण्हेर सुचवली, पण घरात सगळं तोंडात घालणारी नात आहे आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी. तो विषय वाढवलाच नाही. भिंतीच्या पायथ्याशी स्पायडर प्लांट दाट लावायचं ठरलं. सावली सोसतं, फार पाणी मागत नाही.

भराव दोन फूट खोल काढून चांगली माती टाकायला मात्र ताईंचे यजमान तयार नव्हते. "झाडांपेक्षा खड्ड्यालाच खर्च जास्त?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा ते फसफसणं करून दाखवायला लावलं, आणि मग ठेकेदाराला फोन लावला: डबर तुमचं आहे, तुम्हीच उचला.

मोरपंखीच्या दोन कुंड्या फाटकापाशी, भर उन्हात ठेवल्या. ताईंचा तेवढा हट्ट मला मान्य होता.