पाणी, रॉड आणि मेन स्विच
आज कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतील मुलांशी पाणी आणि वीज यांविषयी बोलण्याचा योग आला. पंचगंगा नदीवरील राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. परंतु घरात पाणी शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि एकदा शिरल्यावर पाण्यात उभे राहून त्याला हात लावायचा नाही, हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या गावात याचे मला नवल वाटले.

बराच वेळ बादलीत पाणी तापवायच्या विजेच्या रॉडवर गेला. "बोट न घालता पाणी तापलंय हे कळायचं कसं?" असे एका मुलीने रोखठोक विचारले. आधी बटण बंद करायचे, मग पिन काढायची, रॉड बाहेर काढून ठेवायचा आणि त्यानंतरच बोट, असे तिला सांगितले. ओल्या त्वचेचा विद्युतरोध कोरड्या त्वचेपेक्षा पुष्कळ कमी असल्याने २३० व्होल्टचा धक्का सहज जिवावर बेततो, आणि एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास आपोआप पडणारी कळ) मुख्यतः वायरिंगच्या रक्षणासाठी असल्याने ती अशा वेळी पडेलच असे नाही. माणसासाठी ३० मिलिअँपियर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवा. तो घरी आहे का, हे विचारून यायला मुलांना सांगितले आहे. त्यावरचे चाचणीचे बटण मात्र पालकांनीच दाबून पाहावे.