तुम्ही विचारलंत म्हणून: बॉम्ब पडताना कॉम्प्युटर कशाला?

रुग्णालयांच्या माहितीचं सॉफ्टवेअर हे माझं काम. बातम्यांत कुठलं युद्ध पेटलं की कोल्हापूरच्या राजारामपुरीत चहा घेताना कुणीतरी विचारतंच, “तिथं माणसं मरायला लागल्यात, डॉक्टरला औषध पाहिजे. तुमचा कॉम्प्युटर काय करणार हो?”

औषध पाहिजेच. पण कुठल्या दवाखान्याला, कुठलं, आणि तो दवाखाना आज चालू तरी आहे का? 2019च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा आपणही हेच विचारत होतो. जनरेटर कुठं चालू आहे, डायलिसिस कुठं होतंय? व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळचा निरोप रात्रीपर्यंत फिरायचा. इथं निदान पाणी उतरणार याची खात्री होती.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘हेरॅम्स’ ही पद्धत सुदान, येमेन, युक्रेनमध्ये नेमकं हेच विचारते. इमारत शाबूत आहे का, वीज-पाणी आहे का, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांतलं काय पूर्ण चालू, काय अर्धवट, काय बंद. आणि बंद असेल तर कशामुळं: माणसं नाहीत, औषधं नाहीत, यंत्रं नाहीत की पैसे नाहीत? मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. भूल देणारा डॉक्टरच गाव सोडून गेला असेल, तर औषधांचा ट्रक पाठवून शस्त्रक्रिया थोडीच सुरू होणार आहे?

नेटचं म्हणाल तर त्यावर उपाय आहेत. ऑस्लो विद्यापीठातून वाढलेल्या डीएचआयएस-2 या आरोग्याच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये नेट नसताना नोंद करता येते, रेंज आली की ती पुढं जाते. साथीच्या रोगांवर नजर ठेवायला जागतिक आरोग्य संघटनेनं एक पेटीच तयार केली आहे: 60 मोबाइल, लॅपटॉप, छोटा सर्व्हर आणि सौरऊर्जेवर चार्जिंग. एवढ्यात सुमारे 50 दवाखान्यांच्या नोंदी सांभाळता येतात.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. अफगाणिस्तानात कुंदुझ इथल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या मदत संस्थेच्या रुग्णालयानं, हल्ला होऊ नये म्हणून, आपलं ठिकाण लढणाऱ्या सगळ्यांना कळवून ठेवलं होतं. तरी 3 ऑक्टोबर 2015 ला अमेरिकी विमानानं त्याच्यावर मारा केला. 42 जण गेले. ती चूक होती, असं अमेरिकेनं सांगितलं. सीरियात तर याच कारणानं संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नोंदवलेल्या आरोग्यकेंद्रांवरही हल्ले झाले. तिथला एखादा डॉक्टर नकाशावर ठिकाण टाकायला नकार देत असेल, तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

रुग्णांच्या नावांचंही तसंच. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाल्याचं 2022 मध्ये उघड झालं आणि 5 लाख 15 हजारांहून जास्त लोकांची माहिती परक्या हातात गेली. त्यांत युद्धात घरच्यांपासून तुटलेली माणसंही होती. कॉलराचे रुग्ण मोजायला नाव लागत नाही, आठवड्याचा आकडा पुरतो. टीबीला मात्र लागतं, कारण रुग्ण छावणीत गेला तरी औषधात खंड पडता कामा नये. म्हणून प्रत्येक फॉर्मवर आमची भांडणं होतात: हा रकाना हवा की नको, आणि तो कुणाला दिसणार? माझं मत बहुतेक वेळा ‘नको’कडं झुकतं.

आणि हो, कागद सुटत नाही. वीज गेली की नर्स रजिस्टरमध्ये चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारत बसते. मोबाइलमध्ये आकडा जातो तो त्यानंतर, जमेल तेव्हा.