साडेआठची नोंद

जून ते ऑक्टोबर या काळात आमच्या घरातील कोणी ना कोणी सकाळी साडेआठ वाजता गच्चीवर जाते, पर्जन्यमापकात साठलेले पाणी मोजपात्रात ओतते आणि खाली येऊन वहीत आकडा लिहिते. नाशिकच्या गंगापूर रोडवरील या इमारतीत राहायला आल्यापासून, म्हणजे २००९ च्या जूनपासून, हा क्रम मोडलेला नाही. घरच्या लग्नासाठी आम्ही सगळे चार दिवस परगावी होतो, तेव्हाही शेजारच्या काकूंना मोजणी शिकवून मगच माझ्या वडिलांनी, आप्पांनी, घराला कुलूप लावले होते.

या वहीमागे एक पूर आहे. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठे पाणी आले तेव्हा आम्ही पंचवटीत, नदीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर भाड्याच्या घरात राहत होतो. नाशिककरांना पुराची पातळी सांगायला मीटर किंवा फूट लागत नाहीत. रामकुंडाजवळ पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हेच आमचे माप, आणि पाणी त्याच्या पायाशी, गुडघ्यांना, कमरेला की छातीला लागले एवढे कळले की कोणत्या गल्लीतील सामान वर चढवायचे ते ज्याचे त्याला समजते. त्याहून मोठ्या पाण्यासाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा आणि सराफ बाजारातील सरकारवाड्याच्या पायऱ्या या खुणा जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. त्या दिवशी आप्पा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मारुतीची खबर घेत होते आणि १९६९ च्या सप्टेंबरातील महापुराच्या आठवणी सांगत होते. मारुती कुठवर बुडाला हे प्रत्येकाला ठाऊक होते, पण आपल्या घरावर रात्रभरात पाऊस नेमका किती पडला याचे उत्तर त्या संपूर्ण गल्लीत कोणाकडेही नव्हते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला ते फार लागले. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि नव्या घरात सामान लागण्याच्या आत त्यांनी पर्जन्यमापक बसवला.

साधन अगदी साधे आहे. वीस सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे, त्याखाली घट्ट बसणारी बरणी आणि प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून आणलेले काचेचे मोजपात्र. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणून एक मिलिमीटर पाऊस पडला की बरणीत ३१.४ मिलिलिटर पाणी जमते. जितके मिलिलिटर भरेल त्याला ३१.४ ने भागले की पाऊस मिळतो. मोजपात्र सपाट जागी ठेवून, डोळा पाण्याच्या पातळीशी आणून, पृष्ठभागाच्या खालच्या वक्राशी जो आकडा असेल तोच वाचायचा, हा आप्पांचा दंडक आहे. दुसरा दंडक वेळेचा. हवामान खाते सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस धरते, म्हणून सोमवारी रात्री कोसळलेला पाऊस आमच्याही वहीत मंगळवारच्या नावावर जातो. पहिल्या वर्षी आम्ही हे यंत्र पाण्याच्या टाकीजवळ ठेवले होते आणि टाकी ओसंडली की तिचे शिंतोडे नरसाळ्यात जात होते. हे लक्षात येईपर्यंत तीन दिवस गेले. आप्पांनी ते तीन आकडे तांबड्या शाईने खोडले, समोर कारण लिहिले आणि पान तसेच ठेवले. खोडलेला आकडाही नोंदच असतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला पूर्णपणे पटते.

वहीचा तिसरा रकाना मात्र आईचा आहे. आप्पांनी तारीख आणि मिलिमीटर असे दोनच रकाने आखले होते. आईने विचारले, ‘‘नक्षत्र कुठे लिहायचं?’’ तेव्हापासून उजवीकडे नक्षत्र आणि शेरा आहे. तिच्या लेखी पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, आणि पंचांगात त्या नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस हेही तिला पाहावे लागते. आज वही उघडली की आकड्यांच्या आधी मी तोच रकाना वाचतो. ‘मृग. पहिला थेंब, दुपारी चारला.’ ‘आर्द्रा. कोरडे. टाकीला पाणी नाही.’ ‘पुष्य. मुलीची शाळा बुडाली, भजी केली.’ एका मे महिन्यातील वळवाच्या पावसापुढे फक्त ‘कुरडया भिजल्या’ एवढेच आहे, आणि त्या दोन शब्दांपाशी मला ओल्या चिकाचा वास येतो. वाळत आलेल्या कुरडयांवर धोतर पांघरण्यासाठी आम्ही तिघे जिन्यावरून धावलो होतो. सातपूरच्या कारखान्यात माझी पहिली पाळी असायची तेव्हा घरी कोण आजारी होते, कोणाचा निकाल लागला, हे मला या रकान्यातूनच उलगडते.

वहीने मला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट ही, की आमच्या गच्चीवरचा पाऊस आणि गोदावरीचा पूर यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. वहीत दोन-तीन मिलिमीटरच्या भुरभुरीपुढे ‘मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी’ असा शेरा असलेले दिवस अनेक आहेत. कारण पाऊस पडतो तो पश्चिमेला, घाटमाथ्याकडे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी त्र्यंबकचे पाणी घेऊन गंगापूर धरणात येते. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर असलेले हे मातीचे धरण भरत आले की दरवाजे उघडतात आणि घरोघरी ‘किती क्युसेक सोडले?’ एवढाच विषय होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेकचा आकडा ऐकला की सेकंदाला पावणेतीन लाखांहून अधिक लिटर पाणी होळकर पुलाखालून जाणार, हे डोळ्यांपुढे यायला हवे. तेच पाणी पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पैठणच्या जायकवाडीकडे जाते, आणि ज्या वर्षी तिथे तूट असते त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास वरून पाणी सोडण्याचा वाद पेटतो. त्या वादात दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे मी पुष्कळ ऐकले. आपल्या पाणलोटात पाऊस किती, धरणात किती आणि नळाला किती, हे तीन आकडे वेगळे ठेवून बोलणारा क्वचितच भेटला.

पिंपळगावच्या मामांचा फोन मात्र नेहमी अचूक प्रश्नाने सुरू होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना रात्रीत पाच मिलिमीटर पडले तरी डाऊनी रोगाची भीती, घडकूज, फवारणीचा खर्च, हे सगळे त्यांच्या आवाजात असते. ‘‘तुमच्याकडे किती?’’ ते विचारतात, मी आकडा सांगतो, ते त्यांचा सांगतात, आणि तीस किलोमीटरांत पाऊस कसा बदलला ते आम्ही दोघेही आपापल्या वहीत उतरवून घेतो.

या वहीचा इमारतीला उपयोग झाला तो दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. आमची कूपनलिका एप्रिलमध्येच आटली होती, टँकरवर खर्च होत होता, आणि गच्चीचे पाणी कूपनलिकेजवळ जिरवावे असा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला. एका सभासदांनी मनापासून शंका विचारली, ‘‘सर, नाशिकला पाऊस पडतोच किती? पडतो तो त्र्यंबकला. एवढा खर्च करून खड्ड्यात उतरणार काय?’’ आप्पांनी वही पुढे सरकवली आणि फळ्यावर लिहावे तसे कागदावर मांडले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपली गच्ची २,४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. आपल्या वहीतील वर्षांची सरासरी सातशेच्या थोडी वर जाते, आपण सातशेच धरू. त्यातले वीस टक्के बाष्पीभवनाला आणि गळतीला सोडून दिले, तरी वर्षाला सव्वा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेबारा टँकर आपण गटारात सोडतो आहोत. त्यानंतर कोणी वाद घातला नाही. सभासदांनी एकेक करून वही हातात घेतली, आणि बऱ्याच जणांनी आपापल्या घरातल्या तारखा शोधून त्या दिवशीचा पाऊस पाहिला.

काम मे महिन्यात झाले. खड्ड्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू. आतून जाणाऱ्या कूपनलिकेच्या केसिंग पाइपाला बारीक भोके आणि त्याभोवती जाळी. पहिल्या पावसात गच्चीची धूळ आणि कबुतरांची घाण वाहून येते, म्हणून ते पाणी बाहेर काढायला वेगळा व्हॉल्व्ह आहे. तो बंद करून पाणी खड्ड्याकडे वळवायचे काम तळमजल्यावरच्या आजोबांनी आपणहून मागून घेतले. मृगाच्या आधी सगळ्यांनी मिळून गच्ची झाडली.

मृग आणि आर्द्रा बेताचेच गेले. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास पाऊस असा लागला, की आम्ही छत्र्या घेऊन खाली गेलो, तर चार-पाच घरची माणसे आधीच खड्ड्याशी उभी होती. गच्चीवरून उतरणारा पाइप थरथरत होता, वाळूवर पाणी क्षणभर साचे आणि मग मधोमध भोवरा धरून खाली जाई. आप्पांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते बाल्कनीत उभे राहून वरून विचारत होते, ‘‘उतरतंय का? तुंबत तर नाही ना?’’ मी टॉर्च खड्ड्यावर धरला आणि ‘‘उतरतंय!’’ असे ओरडून सांगितले.

सकाळी साडेआठला मोजपात्र दोनदा भरून तिसऱ्यांदा अर्ध्याहून थोडे वर भरले. आप्पांनी भागाकार केला, खाली गच्चीचा हिशेब केला, सव्वानऊ हजार लिटर आले. वहीत ५२.० लिहून त्यांनी ती आईपुढे ठेवली, आणि आईने चष्मा लावून तिच्या रकान्यात लिहिले : ‘पुष्य. म्हातारा बरसला. रात्री सगळे खाली.’