अंगणात पोचेपर्यंत मुलगा मोठा झाला

लॉस एंजेलिसमध्ये मी चित्रीकरणाच्या जागी मुलांना शिकवते. या कामाला इथे स्टुडिओ टीचर म्हणतात. कॅलिफोर्नियात शाळकरी कलाकार सेटवर असेल तर सरकारी प्रमाणपत्र असलेला शिक्षक तिथे लागतोच. शाळेच्या दिवशी दहा मुलांमागे एक. नऊ ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासच थांबवता येतं. त्यातले पाच तास काम, तीन तास अभ्यास, एक तास विश्रांती. मुलाला धोका आहे असं वाटलं, तर मी त्याला कॅमेऱ्यासमोरून उठवून नेऊ शकते. नाशिकला शाळेत गणित शिकवत होते तेव्हा हातात एवढे अधिकार कधी नव्हते.

या तासांच्या हिशेबामुळेही अमेरिकन मालिकांतली सोळा वर्षांची मुलं बहुतेक वेळा पंचविशीतली असतात. अठरा पूर्ण झाले की ना शिक्षक लागतो ना घड्याळ. मी ज्या मालिकेवर होते तिच्या निर्मात्यांनी मात्र खऱ्या वयाची मुलं घेतली होती. तेरा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची बहीण, आईवडिलांचं मोडलेलं घर. गोष्ट साधीच होती, पण त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते पंचविशीतल्या नटाला आणता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

२ मे २०२३ ला हॉलिवूडच्या पटकथा लेखकांचा संप सुरू झाला. ज्यांच्या संहिता आधीच पूर्ण होत्या अशा काही मालिकांनी काम चालू ठेवलं, त्यात आमचीही होती. फक्त संहितेतला एक शब्द बदलायचा म्हटलं तरी बदलणारं माणूस सेटवर नव्हतं. बहिणीशी भांडताना मुलाला एक वाक्य होतं, ‘मी अजून तुझ्या खांद्याला लागतो म्हणून मला काही कळत नाही असं समजू नकोस.’ हे लिहिलं गेलं हिवाळ्यात. मे उजाडला तोवर तो तिच्या कानाला लागत होता. एरवी लेखकाने दोन मिनिटांत दुसरं वाक्य दिलं असतं. त्या दिवशी दिग्दर्शकाने बहिणीला लाकडी फळीवर उभं केलं आणि कॅमेऱ्याची चौकट कमरेच्या वर ठेवली.

हे भांडण लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या एका घरात चालू होतं. स्वयंपाकघरातला भाग झाला. मुलगा तावातावाने पुढचं दार उघडून बाहेर पडतो, तिथे दिवस संपला. अंगणातला भाग दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता. पहाटे आम्ही पोचलो तर गल्लीच्या तोंडाशी लेखक फलक घेऊन फेऱ्या मारत होते. ट्रकवाले टीमस्टर्स युनियनचे. संपावरच्या माणसांची रांग ओलांडून ते गाडी आत नेत नाहीत. कॅमेऱ्याचा ट्रक कोपऱ्यावर थांबला, चालकाने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून लेखकांशी हात मिळवू लागला. दहाच्या सुमारास काम थांबल्याचं जाहीर झालं. मुलगा माझ्याकडे भूमितीची वही घेऊन बसलेला होता. त्याला वाटलं, उद्या होईल.

१४ जुलैपासून कलाकारही संपावर गेले. लेखक आणि कलाकार एकाच वेळी संपावर जाण्याची १९६० नंतरची ही पहिलीच वेळ. आदल्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत कलाकारांच्या युनियनने एक आरोप केला: गर्दीत उभ्या राहणाऱ्या कलाकारांना एका दिवसाचे पैसे देऊन त्यांचं स्कॅन करायचं आणि ती प्रतिमा कायमची वापरायची, असा स्टुडिओंचा प्रस्ताव आहे. स्टुडिओंच्या संघटनेने हे नाकारलं. त्या संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन आला. ती म्हणाली, “टीचर, तेराव्या वर्षी स्कॅन केला तर तो पडद्यावर तेराच वर्षांचा राहणार ना? मग माझ्या वाढणाऱ्या मुलाची यांना गरज काय?” तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मोठ्या नटाचा चेहरा चोरला तर त्याचं काम जातं. वाढत्या मुलाच्या बाबतीत त्याचं वाढणंच कुणाला तरी अडचणीचं वाटू लागतं.

संप योग्य होता, हे मी पोटाला चिमटा बसत असतानाही म्हणत होते. आम्ही स्टुडिओ टीचर संपावर नव्हतो. आमची युनियन वेगळी, पण काम त्यांच्याच जिवावर. आरोग्य विमा चालू राहायला सहा महिन्यांत चारशे तास भरावे लागतात, आणि तास येणार कुठून? मी सरकारी शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाऊ लागले. मुलांची वर्क परमिटं सहा महिन्यांनी संपतात, नव्यासाठी शाळेतून हजेरी आणि गुणांचा शेरा लागतो. बहिणीचं काम करणाऱ्या मुलीने ते वेळेवर केलं, कारण तिच्या आईला घरकाम करून भाडं निघत नव्हतं. बालकलाकाराच्या कमाईतले पंधरा टक्के कायद्याने त्याच्या नावे वेगळे ठेवावे लागतात आणि अठरा पूर्ण होईपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. घरभाडं थकलं तरी नाही.

आमच्या क्षेत्रातले जुने लोक तेव्हा २००७-०८ चा लेखकांचा संप आठवत होते. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या टेक्ससमधल्या शाळेच्या फुटबॉल संघावरच्या मालिकेचा दुसरा हंगाम त्या वेळी पंधरा भागांवर थांबला. तिसरा हंगाम आला तो थेट पुढच्या शालेय वर्षापासून. संघात नुकताच घेतलेला सॅन्टिआगो नावाचा मुलगा त्यात नव्हताच. तो कुठे गेला हे कुणी सांगितलंही नाही. वकिलांच्या किंवा पोलिसांच्या मालिकेत सहा महिन्यांचा खंड पडला तर माणसं तीच राहतात. शाळेच्या गोष्टीत इयत्ता बदलते.

लेखकांचा संप २७ सप्टेंबरला मिटला, कलाकारांचा ९ नोव्हेंबरला. आम्ही त्या घरी परत गेलो ते जानेवारी २०२४ मध्ये.

पटकथेची सलगता सांभाळणाऱ्या बाईंनी मे महिन्यातले फोटो टेबलावर मांडले होते. तोच निळा शर्ट, तीच बटणं. शर्ट मुलाला चढला, पण बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या. ओठांवर मिसरूड दिसत होती. मग त्याने पहिलं वाक्य म्हणून दाखवलं आणि खोलीतले सगळे गप्प झाले. आवाज फुटला होता. दारातून बाहेर पडणारा पोरगा अंगणात पोचेपर्यंत घोगऱ्या आवाजाचा झाला होता.

सुरुवातीला उपाय मेकअपपुरते निघाले. मिसरूड काढता येते, शर्ट मोठा शिवता येतो. आवाजाचं काय? निर्मितीकडच्या एकाने सुचवलं, मे महिन्यातलं ध्वनिमुद्रण आहे, त्यावरून उरलेली वाक्यं कंप्युटरकडून त्याच्या जुन्या आवाजात करून घेऊ. संपानंतर झालेल्या कलाकारांच्या नव्या करारानुसार अशा वापराला कलाकाराची संमती आणि मोबदला लागतो. मुलगा अल्पवयीन, म्हणून विचारणा आईला झाली. मी बाजूलाच उभी होते. तिने मुलाकडे पाहिलं. तो कान लाल करून म्हणाला, “माझा आवाज वाईट आहे का?” आई म्हणाली, “नाही.” तेच तिचं निर्मात्यांनाही उत्तर होतं.

या वेळी सेटवर लेखिका होती. चित्रीकरण चालू असताना लेखकांना कामावर ठेवावं, ही त्यांच्या संपातली मोठी मागणी होती, आणि ती का होती ते मला त्या सकाळी दिसलं. तिने फोटो पाहिले, मुलाला दोनदा वाचायला लावलं, आणि वऱ्हांड्याच्या पायरीवर बसून तासाभरात प्रसंग उलटा केला. मुलगा दारातून निघून जातो, आणि ते भांडण तिथेच तुटतं. अंगणात तो येतो ते आठ महिन्यांनी, वडिलांकडे राहून परत. बहीण झाडाला पाणी घालत असते. ती मान वर करते आणि आता तिलाच त्याच्याकडे वर पाहावं लागतं. खांद्याचं वाक्य गेलं. त्याच्या जागी तो फक्त विचारतो, “माझी खोली आहे अजून?” फुटलेल्या आवाजात ते वाक्य असं काही आलं की दिग्दर्शकाने दुसरा टेक घेतला तो केवळ खबरदारी म्हणून. त्यानंतर मुलाचा चाळीस मिनिटांचा अभ्यास उरला होता, तो आम्ही पूर्ण केला.

प्रसंग वाचला, पण त्याची किंमत दुसऱ्याने दिली. मधले आठ महिने गोष्टीतून गेल्यावर त्यांच्यावर लिहिलेले तीन भागही गेले. ते मी वाचले होते. त्यात विज्ञान प्रदर्शनात मुलाला भेटणारा एक मित्र होता, घरी वीज नाही म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली प्रयोग करणारा. त्या भूमिकेसाठी घेतलेल्या बारा वर्षांच्या मुलाचं हे पहिलंच काम. मे महिन्यात एकच दिवस त्याने काम केलं होतं. फेब्रुवारीत त्याला भूमिका उरली नसल्याचं कळवलं गेलं. त्याच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, त्या एका दिवसाचे पैसे आणि पंधरा टक्के जमा झाले का, हे कुठे तपासायचं. मी युनियनच्या कचेरीचा नंबर दिला आणि सांगितलं की त्याच्या परमिटसाठी शाळेचा शेरा आत्ताच घेऊन ठेवा. वसंतात नव्या मालिकांच्या ऑडिशन सुरू होतात.