दोन पाण्यांची भाजी

डायलिसिसची सुई काढून पस्तीस मिनिटं झाली तरी काकांच्या हातातल्या फिस्टुलातलं, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेल्या शिरेतलं, रक्त थांबेना. एरवी दहा मिनिटं गॉज दाबून धरलं की काम होतं. आधीच्या शिफ्टनं फाइलवर शेरा मारून ठेवला होता, ‘हेपॅरिन जास्त’, म्हणजे मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतो ते औषध जास्त. तोही तिसऱ्यांदा. डॉक्टरांना विचारून डोस कमी केला, तर गेल्या खेपेला डायलायझरच, मशीनवरची रक्त गाळायची नळीच, गोठला. व्हीनस प्रेशर, रक्त मशीनमधून शरीरात परत जातानाचा दाब, नॉर्मल, म्हणजे शीर पुढे अरुंद झाल्याचाही संशय नाही. मशीनमध्ये रक्त गोठतंय आणि हातातलं थांबत नाहीये, मग हेपॅरिनला दोष कसा द्यायचा?

गॉज दाबून मी समोरच बसले होते. काकांनी जांभई दिली आणि हिरड्या दिसल्या. सुजून जांभळ्या झालेल्या. पायजमा वर करायला सांगितला. नडगीवर काळेनिळे डाग, आणि केसांच्या मुळाशी रक्ताचे बारीक ठिपके.

काकूंना बोलावून जेवणाचं विचारलं. “भाजी बारीक चिरून दोन पाण्यांत उकळते, पाणी फेकून देते. पेरू न्हाई, आवळा न्हाई. दीड वर्षात लिंबाची फोड दिली न्हाई बघा. तुमच्या कागदावर लिवलंय तसंच.”

कागद आमचाच होता. झेरॉक्सची झेरॉक्स. पोटॅशियम वाढू नये म्हणून काय टाळायचं याची भली मोठी यादी, काय खायचं ते दोन ओळींत. आहारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात, त्यांना प्रत्येकाशी बोलायला वेळ कुठून मिळणार?

चार तासांत डायलायझरमधून जवळपास १२० लिटर द्रव वाहतो. युरिया आणि पोटॅशियमबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही तो घेऊन जातो, क आणि ब गटातली. आठवड्यातून तीनदा. ताटातलं क तर उकळलेल्या पाण्याबरोबर मोरीतच गेलेलं. पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन आम्ही दर महिन्याला बघतो. क कुणी बघत नाही, आणि हे मला चुकीचं वाटतं.

रिपोर्ट आला. क ची पातळी अगदी तळाला, म्हणजे स्कर्व्ही, क च्या कमतरतेनं रक्त झिरपत राहण्याचा आजार. डॉक्टरांनी रोज १०० मिलिग्रॅम लिहून दिलं, डायलिसिसच्या दिवशी मशीनवरून उतरल्यावर घ्यायचं. मुलगा ५०० ची पट्टी आणि एक मल्टिव्हिटॅमिन घेऊन आला होता, ती दोन्ही परत पाठवली. जादा क चं शरीरात ऑक्झलेट होतं, आणि निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्ये अ होतं. ते डायलिसिसनं निघत नाही, साठतच जातं.

आमच्याकडे चोरून पेरू खाणारे आहेत, त्यांना आम्ही रागावतो. काका-काकूंनी मात्र आमचा शब्द न् शब्द पाळला. रात्री हेच डोक्यात येतं.

तीन आठवड्यांनी रक्त दहा मिनिटांत थांबलं. डॉक्टरांनी जेवणात अर्ध्या लिंबाला परवानगी दिली, त्याच्या रसात पोटॅशियम फार थोडं असतं. काकूंनी विचारलं, “मग आता भाजीचं पाणी काढू का नको?”

काढायचंच होतं. काकांचं पोटॅशियम त्या दिवशी ५.८ आलं होतं, म्हणजे जास्तच. ते सांगताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.